उद्या सकाळचं विमान

उजेडानंच जाग येते. मोबाइलमध्ये बघता तर पाच वाजून वीस मिनिटं, आणि खिडकीबाहेर समुद्र दिसायला लागलेला. फेब्रुवारीत डोंबिवलीला या वेळी दूधवालाही चाचपडत जिना चढतो. इथे पावणेसहाच्या आत सूर्य वर येणार आणि संध्याकाळी साडेपाचच्या आत बुडणार. ज्या मिर्झापूरच्या रेखांशावर आपलं घड्याळ लावलंय, त्याच्या दहा अंश पूर्वेला पोर्ट ब्लेअर आहे. घड्याळ दिल्लीचं आणि आकाश ब्रह्मदेशाचं. सहा दिवस झाले तरी तुमच्या पोटाला हे पटलेलं नाही. दुपारी बाराला भूक लागावी तर साडेदहालाच लागते.

नवरा पाठ फिरवून झोपलाय. बॅग अर्धी भरून जमिनीवर उघडी पडलीय आणि तिच्यात, निळ्या मोज्याच्या आत, ती कवडी आहे. परवा नील बेटावर ओहोटीच्या वेळी खडकांच्या खळग्यात सापडली. कोंबडीच्या अंड्याएवढी, पाठीवर बिबट्यासारखे ठिपके, पोटाला दातेरी फट, आणि अशी गुळगुळीत की अंगठा फिरवत बसावा. टूरच्या मुलानं पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांना बजावलं होतं: शिंपला नको, शंख नको, मेलेलं प्रवाळही नको, किनाऱ्यावरचं काहीही उचलायचं नाही. तुम्ही सगळ्यांत आधी मान डोलावलीत. चौथ्या दिवशी मोजा. कोणी विचारलंच तर तुळजापूरच्या आईची आठवण झाली, अशी सबब तयार आहे.

लग्नाची पंचविशी म्हणून लेकीनं तिकिटं काढून दिली. ‘आई-बाबा, काळ्या पाण्यावर जाऊन या,’ म्हणाली होती. पाणी काळं कसलं, निळं आहे, हा विनोद गटातल्या प्रत्येकानं एकेकदा करून झालाय.

“अहो, उठा. शेवटचा दिवस आहे.”

“म्हणूनच झोपू दे,” उशीतून आवाज येतो.

तरी सहा वाजता तुम्ही दोघं रस्त्यावर असता. अॅबर्डीन बाजारातल्या घड्याळाच्या मनोऱ्याजवळ एका टपरीवर चहा मिळतो. तिथून उतार थेट समुद्राकडे जातो. खाली जलक्रीडा संकुल, त्याच्या धक्क्यावरून रॉसच्या बोटी सुटतात. पहिली बोट पकडायची म्हणून गट घाईत असतो, आणि संकुलाजवळच्या त्या स्मारकाकडे कुणी बघत नाही. तुम्ही मात्र चपलेत खडा गेला म्हणून तिथेच थांबता. एक हात नवऱ्याच्या खांद्यावर, एक पाय वर. आता तो पाय खाली ठेवाल तो 1859 च्या मे महिन्यात.

फरसबंदी गेली. पायाखाली तोडलेल्या झाडांचे बुंधे आणि चिखल. मागे बाजार नाही, जंगल आहे. पाण्यापर्यंत आलेलं, गच्च, ओलं. मधोमध एक साफ केलेला तुकडा, त्यावर झोपड्या, झोपड्यांत बेड्या घातलेली माणसं. सव्वा वर्षापूर्वी, 10 मार्च 1858 ला, डॉक्टर वॉकर नावाचा साहेब 200 कैदी घेऊन इथे उतरला. बहुतेक सत्तावनच्या बंडातले. पळून जंगलात जायचं आणि जंगलातून ब्रह्मदेशात, असा कित्येकांचा हिशोब. हे बेट आहे, जंगल संपलं की पुन्हा समुद्रच आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. जे पळाले त्यांतले बरेच बाणांनी मेले, आणि परत आलेल्यांपैकी ऐंशीहून अधिक जणांना वॉकरनं फासावर चढवलं.

अंधार अजून पुरता फिटलेला नाही आणि झाडीतून एक माणूस धावत येतो. अंगावर सूत नाही. डोकं तासलेलं, अंगभर माती फासलेली. पहारेकरी बंदूक रोखतात, तेवढ्यात तो हिंदुस्तानीत ओरडतो. हा दूधनाथ तिवारी, पलटणीतला शिपाई, कैदी, गेल्या वर्षीच्या एप्रिलात पळालेला. बाण लागूनही वाचला. अंदमानींनी, कसं कोण जाणे, त्याला मारलं नाही. वर्षभर बरोबर फिरवलं, खाऊ घातलं, आणि दोन मुली त्याला बायका म्हणून दिल्या. एकीचं नाव लीपा, दुसरीचं जिगा. आता तो सांगायला आलाय की ते लोक येताहेत, आजच, शेकड्यांनी, या वसाहतीवर चालून.

त्याच्या सांगण्यामुळे इंग्रज सावध झाले. धनुष्यबाणांपुढे बंदुका आणि जहाजावरच्या तोफा. इतिहासात याला अॅबर्डीनची लढाई म्हणतात, तुमच्या शेजारचा दगड तिचाच. तिवारीला माफी मिळाली, तो मुख्य भूमीवर गेला. सरकारी कागदात लीपाबद्दल एवढंच उरलं, की तो निघाला तेव्हा ती गरोदर होती.

तो परत येण्याआधीचा दिवस हा त्या दोघांनी एकत्र घालवलेला शेवटचा दिवस होता. आदल्या रात्री ती झोपली असेल आणि हा झोपेचं सोंग घेऊन पडला असेल, की तिला कळलं असेल, याची कुठे नोंद नाही. मला विचाराल तर या बेटांवरची सगळ्यांत कठीण गोष्ट हीच आहे, आणि तिच्यासाठी प्रकाश-ध्वनीचा खेळ होत नाही. हजारोंनी असलेल्या ग्रेट अंदमानी लोकांतले आज शंभरही उरले नाहीत. आधी बंदूक, मग साहेबाचे आजार, मग दारू आणि अफू.

“खडा निघाला का?” नवरा विचारतो. “बोट सुटेल.”

बोटीला दहा मिनिटंही लागत नाहीत. तिकिटावर ‘नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप’ छापलंय, 2018 पासून. बोटवाला रॉसच म्हणतो. ज्या गावातून निघालात तेही 2024 पासून कागदोपत्री श्री विजयपुरम आहे, पण टपरीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी अजून पोर्ट ब्लेअरच. नावं बदलायला एक आदेश पुरतो, जिभेला पिढी लागते.

रॉसवर तुम्हाला फार वेळ उभं करत नाही, कारण तिथला भूतकाळ उघड्यावरच पडलाय. बेट एक चौरस किलोमीटरचंही नाही. ऐंशीहून अधिक वर्षं इथून अख्ख्या अंदमानचा कारभार चालला. बेकरी होती, चर्च होतं, नाचघर, टेनिसचं मैदान, छापखाना. समोर, एक खाडी ओलांडली की, बेड्या. पाव आणि बर्फ साहेबाचा, खांदा कैद्याचा. 26 जून 1941 ला मोठा भूकंप झाला, भिंती तडकल्या. पुढच्या मार्चात जपानी आले आणि साहेब गेला तो या बेटावर राहायला परत आला नाही. चर्चच्या खिडक्यांतून आता वडाच्या जातीच्या झाडांची मुळं वितळलेल्या मेणासारखी उतरलीत. 2004 च्या त्सुनामीत हे बेट आडवं आलं म्हणून पोर्ट ब्लेअर वाचलं, असं इथला प्रत्येक जण सांगतो.

नाचघराच्या पायरीवर बसता. एक ठिपक्यांचं हरीण येतं, ओळखीचं असल्यासारखं नवऱ्याच्या खिशात तोंड घालतं आणि टूरचा छापील कार्यक्रम बाहेर ओढतं. ‘दिवस सहावा’ त्यानं चावून खाल्ला. नवरा पहिल्यांदाच सहा दिवसांत पोट धरून हसतो. ही हरणंही इथली नव्हेत. साहेबानं शिकारीच्या हौसेनं आणली. साहेब गेला, हरणं राहिली.

“ते बघ हॅरिएट,” नवरा पलीकडे बोट दाखवतो. खाडीच्या पल्याड हिरवा डोंगर, डोक्यावर ढग. आणि पाकिटातून जुनी लाल वीसची नोट काढतो. चित्रातला नारळीचा किनारा त्या डोंगराच्या उतारावरून दिसतो, हे त्यानं कुठेतरी वाचलंय. डोंगराला नाव दिलं ते 1862 ते 64 इथला अधीक्षक असलेल्या टायटलर साहेबाच्या बायकोचं. 1857 च्या उन्हाळ्यात दिल्लीच्या टेकाडावर, वेढ्याच्या धामधुमीत, एका बैलगाडीत ती बाळंत झाली होती. तशा बाईच्या नावानं डोंगर असावा, यात मला तरी वावगं वाटत नाही. 2021 पासून तो माउंट मणिपूर आहे, कारण 1891 च्या युद्धानंतर मणिपूरच्या राजघराण्यातल्या माणसांना इथेच आणून ठेवलं होतं. त्यांचाही हक्क आहेच.

“संध्याकाळी तिथून सूर्यास्त बघू,” नवरा म्हणतो.

“आणि बाजार कधी करायचा? लेकीला काय नेऊ, हरणाची लेंडी?”

परतल्यावर रिक्षा करता. ड्रायव्हर पन्नाशीचा, सावळा, नाक पंजाब्यासारखं सरळ. गाव कुठलं, असं नवरा विचारतो, आपल्याकडे विचारतात तसं.

“यहीं का. लोकल बॉर्न. प्री फॉर्टी-टू.”

म्हणजे काय, हे तो वळणावर, साऊथ पॉइंटजवळ सांगतो. 1942 च्या आधीपासून ज्यांची घरं इथे आहेत ते. पणजोबा कैदी, पणजी कैदी. “दोनों मर्डर केस,” तो हसत म्हणतो, आपण ‘दोघंही बँकेत’ म्हणतो त्या सुरात. “शादी यहीं हुई. वो सामने औरतों का जेल था.”

रिक्षा थांबते, उतरा. पण आता तुमच्या पायात चप्पल नाही आणि अंगावर जाडाभरडा सरकारी कपडा आहे. एकोणिसावं शतक सरत आलंय. तुम्ही रांगेत उभ्या आहात. डाव्या-उजव्या हाताला बायका, कुणी मद्रासची, कुणी अवधची, कुणी रत्नागिरीकडची असेल. कुणी नवऱ्याला मारलं, कुणी विधवेच्या पोटी आलेलं मूल. समोरून पुरुष येतात. तेही कैदी, पण ठरावीक वर्षं भोगून, वागणूक बरी म्हणून, स्वतःच्या जमिनीच्या तुकड्यावर राहायची परवानगी मिळालेले. त्यांना घर चालवायला बाई हवी. सरकारला तर वसाहत हवी, आणि वसाहत मुलाबाळांशिवाय होत नाही.

एक माणूस तुमच्या पुढे थांबतो. दात बघत नाही एवढंच. त्याची भाषा तुम्हाला येत नाही, तुमची त्याला नाही. जात विचारावी का, हा प्रश्न तुमच्या तोंडात येतो आणि तिथेच विरघळतो. जात तर जहाजावर चढलात तेव्हाच गेली, निदान गावाकडच्यांच्या लेखी. नाही म्हणायची मुभा तुम्हाला आहे. नाही म्हटलंत तर पुन्हा आत, तीच बराक, तीच चक्की. तुम्ही त्याचे हात बघता. शेतकऱ्याचे आहेत. मान हलवता. वही उघडते, दोन आकडे शेजारी लिहिले जातात.

आपल्याकडे पोहे करून दाखवायच्या कार्यक्रमाला नावं ठेवतात. तुमचाही झाला होता, डोंबिवलीलाच, आणि तुम्ही नवऱ्याचे हातच बघितले होते.

अशा घरांत मुलं बोलायला लागली ती ना आईच्या भाषेत, ना बापाच्या. दोघांना मोडकीतोडकी येणाऱ्या हिंदुस्तानीत. म्हणून आज पोर्ट ब्लेअरच्या बाजारात तमिळ, बंगाली, मल्याळी, रांचीकडचा, सगळे एकमेकांशी हिंदीच बोलतात. आणि रिक्षावाल्याला जात विचारली तर तो खरोखरच विचारात पडतो.

सेल्युलर जेलला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर. सात हातांच्या समुद्रफुलासारखी ती इमारत होती, 1906 मध्ये पुरी झाली. आता तीनच हात शिल्लक. बाकीचे पडले, पाडले, आणि आवारात सरकारी इस्पितळ उभं राहिलं. मराठी गट कुठला ते इथे लांबूनही ओळखू येतं: सातव्या ओळीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या, सावरकरांच्या कोठडीशी गर्दी, चपला बाहेर, आणि कुणीतरी ‘सागरा प्राण तळमळला’ सुरू करतं. ते गाणं इथे लिहिलं गेलं असं निम्म्या लोकांना वाटतं. ते 1909 मधलं, इंग्लंडातल्या ब्रायटनच्या किनाऱ्यावरचं आहे. पण घशात आवंढा येतो तो येतोच, आणि त्या वेळी दुरुस्ती करणाऱ्या माणसासारखा वाईट माणूस नाही. नवरा करतो. तुम्ही त्याला कोपर मारता.

कोठडीबाहेरच्या गजांना हात लावा. गार लागतील. लावलात? आता खाली बघा, फाटकाकडे. 1919 सालचा मे महिना संपत आलाय, नैर्ऋत्येकडून ढग चढताहेत. फाटकातून दोघं आत येताहेत. एक तरुण डॉक्टर, सावरकरांचा सगळ्यांत धाकटा भाऊ नारायणराव. बरोबर त्याची वहिनी, यमुनाबाई, जिला घरात माई म्हणतात.

तिच्या संसाराचा हिशोब मांडून बघा, तुम्ही पंचवीस वर्षांचा मांडताय तसाच. 1901 मध्ये लग्न. 1906 मध्ये नवरा शिकायला विलायतेला. पहिला मुलगा नवरा तिकडे असतानाच गेला. मग नवरा बेड्यांत परत. 1911 मध्ये मुंबईला, डोंगरीच्या तुरुंगात, गजांआडून एक भेट. त्यानंतर थेट ही. लग्नाला अठरा वर्षं झाली, आणि तेरा वर्षांत दोन भेटी मोजायला एका हाताची बोटंही जास्त होतात.

आत दोन भाऊ वाट बघताहेत. मधला विनायक, आणि थोरले बाबाराव, जे त्याच्याही आधीपासून इथे आहेत. विनायकरावांना त्यांची बायको दिसेल. बाबारावांना त्यांची येसूवहिनी दिसणार नाही. पतीला एकदा बघावं म्हणून त्या माउलीनं सरकारकडे वर्षानुवर्षं अर्ज केले. परवानगी हाती आली तेव्हा ती गेली होती. तिच्या मागे ही भेट होते आहे. फाटकातून आत येणाऱ्या दोन माणसांच्या शेजारी जी तिसरी नाही, ती बाबारावांना आधी दिसली असणार.

तुम्ही खाली जाऊ नका. आत काय बोलणं झालं ते ज्याचं त्यानं ‘माझी जन्मठेप’मध्ये लिहून ठेवलंय, आणि त्याच्याहून जास्त ऐकायचा आपल्याला अधिकार नाही. पुढच्या राजकारणावरून आपण महाराष्ट्रात आजही हमरीतुमरीवर येतो, येऊ द्या. ती बाई मात्र तेवढ्या वेळापुरती कुणाच्याच बाजूची नव्हती. भेटीची वेळ संपली आणि तिला त्याच फाटकातून बाहेर पडावं लागलं. समुद्र शांत असो की खवळलेला, जहाज ठरल्या दिवशी निघणार.

दोघा भावांना इथून हलवलं ते 2 मे 1921 ला. तेही सुटका म्हणून नव्हे, मुख्य भूमीवरच्या तुरुंगांत.

“अगं, किती वेळ गज धरून उभी आहेस? लोक फोटोसाठी थांबलेत.”

जेवण आणि बाजार यांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. माशाचं कालवण बंगाली पद्धतीचं, मोहरी लावलेलं, तुम्हाला आवडलं आणि नवऱ्यानं ‘आमसूल नाही’ म्हणून नाक मुरडलं. लेकीसाठी पडाऊकच्या लालसर लाकडाची डबी घेतली. दुकानदारानं पावती आवर्जून दिली आणि म्हणाला, विमानतळावर दाखवा. तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर निळा मोजा आला.

दुपारी चॅथमच्या धक्क्यावरून तरीत बसता. मोटारी, मोटारसायकली, भाजीच्या पाट्या, शाळेतली मुलं, सगळं एकाच फळीवर. पलीकडे बांबू फ्लॅट. तिथून गाडीवाला म्हणतो, डोंगरावर जायला उशीर झाला, वनखात्याचं फाटक लागलं असेल. नवऱ्याचा चेहरा पडतो. सहा दिवस तो या एका सूर्यास्ताचा जप करत होता.

“मग पाणीघाटला न्या,” तुम्ही म्हणता, कारण नाव आवडलं. त्या भागाला पूर्वी होपटाउन म्हणत.

किनाऱ्याला लागून रस्ता, खाजणात तिवरांची झाडं, ओहोटीनं उघडा पडलेला चिखल, त्यात खेकड्यांची भोकं. डोंगर डोक्यावर. सूर्य मावळलाय, पण उजेड आहे. साडेपाच वाजत आलेत. बसा इथे, दगडावर. या वेळी साल बदलताना तुम्हाला काही जाणवणारही नाही, कारण देखावा तोच आहे. तारीख 8 फेब्रुवारी 1872. प्रमाणवेळ अजून जन्माला यायची आहे, म्हणून त्यांच्या घड्याळात सहा वाजून गेलेत.

समोर खाडीत ‘ग्लासगो’ नावाची युद्धनौका नांगरलेली आहे. तिच्यावर एक बाई वाट बघते आहे: लेडी मेयो. नवरा हिंदुस्तानचा व्हाइसरॉय, वय 49. दिवसभर त्यानं रॉस बघितलं, व्हायपर बघितलं, चॅथम बघितलं. सगळीकडे पहारा कडक. पाहणी संपली, दिवस थोडा उरला. तेव्हा त्याच्या मनात आलं की हॅरिएटच्या माथ्यावर जाऊन यावं. निमित्त कामाचं होतं, तापानं आजारी पडणाऱ्यांसाठी वर आरोग्यधाम होईल का ते बघायचं. पण खरं कारण तुमच्या नवऱ्याला विचारा. शेवटच्या दिवशी थोडा उजेड उरला की माणसाला सूर्यास्त बघायचा असतो.

तो वर पोचला, समोर बसला, सूर्य समुद्रात जाईपर्यंत बसला. खूश होता, असं बरोबरच्यांनी सांगितलंय. मग उतार, आणि इथला तो उतार, तुम्ही अनुभवलाय तसा, संधिप्रकाशाला थारा न देणारा. सूर्य बुडाला की विळीनं कापावा तसा अंधार.

आता ते खाली येताहेत. झाडीतून मशाली हलताना दिसतात, आधी दोन, मग चार. जहाजावर सातचे टोले पडलेत, जेवणाची मेजं मांडलीत. लाटेचा आवाज एवढाच की बोलणं ऐकू यावं. व्हाइसरॉय धक्क्यावर येतो. होडीत उतरायला बाकीच्यांच्या दोन पावलं पुढे होतो, घरी जायची घाई असलेला कुठलाही माणूस होतो तसा. त्याच क्षणी दगडांच्या आडून कुणीतरी वाघासारखी झेप घेतं आणि पाठीत सुरा बसतो. मशाली विझतात. तो पाण्यात पडतो, गुडघाभर पाण्यात उठून उभाही राहतो. त्याला गाडीवर टेकवतात, तो मागे कलंडतो. होडी ‘ग्लासगो’ला लागते तेव्हा त्याच्यात प्राण नाही.

मारणारा शेर अली, तिराहचा आफ्रिदी पठाण, एके काळी साहेबाच्याच चाकरीत असलेला, खुनासाठी जन्मठेप झालेला. इथे होपटाउनला न्हाव्याचं काम करायचा, तेवढं त्याचं वागणं सरकारला चांगलं वाटलं होतं. दिवसभर तो संधी शोधत होता. डोंगरावर पाठोपाठ गेला, संधी मिळाली नाही, पाठोपाठ उतरला. सूर्यास्त त्यानंही पाहिलाच असेल. 11 मार्चला व्हायपर बेटावर त्याला फाशी दिलं. हिंदुस्तानच्या व्हाइसरॉयांपैकी पदावर असताना मारला गेलेला मेयो हा एकटाच, आणि देशात त्याची चर्चा आजही इतकी कमी आहे की तुमच्या टूरच्या कागदावर, हरणानं खाल्ला नसता तरी, त्याचं नाव नव्हतं.

लेडी मेयोला उजेड दिसत होता का, हा विचार तुमच्या मनातून जात नाही. एवढ्याशा खाडीपलीकडून मशालींचे ठिपके खाली येताना दिसले असतील. मग एकदम दिसेनासे झाले असतील. ‘आले वाटतं,’ असंच तिला वाटलं असेल.

“चल,” नवरा म्हणतो. “शेवटची तरी चुकेल. अंधार पडला.”

“हात द्या,” तुम्ही म्हणता, “दगड निसरडे आहेत.” तो देतो. तुम्ही गाडीपर्यंत सोडत नाही, आणि तोही काही बोलत नाही.

तरीच्या कठड्याशी उभं राहून दोघं मागे बघता. डोंगर काळा झालाय. खाली पाणीघाटला पाच-सात दिवे.

रात्री बॅग भरता. ओले कपडे वेगळे, डबी पावतीसकट वर, चार्जर, औषधांचा डबा. शेवटी मोजा. कवडी तळहातावर घेता, अंगठा फिरवता. नवरा दात घासत न्हाणीघराच्या दारात उभा राहून बघतो, फेसातूनच म्हणतो, “घे की. एवढीशी तर आहे.” हा तोच माणूस, जो जेलमध्ये गाण्याची साल-तारीख दुरुस्त करत होता.

तुम्ही ती पुन्हा मोज्यात घालता. पहाटे साडेतीनला काढता, पाण्याच्या रिकाम्या पेल्याखाली ठेवता. पावणेपाचला पुन्हा मोज्यात.

विमानतळ वीर सावरकरांच्या नावाचा आहे. नवी इमारत 2023 ची, मोठी, हवेशीर, आणि बांधलीय शिंपल्याच्या आकाराची. आत शिरल्यावर छताकडे बघून नवरा वा म्हणतो. पट्ट्यावरून बॅग पुढे सरकते, यंत्रात जाते, थांबते, अर्धी वीत मागे येते. पडद्यापुढचा जवान मान वर न करता विचारतो, “मोजे में क्या है, मॅडम?”

टेबलाखाली प्लॅस्टिकचा एक टब आहे. तो शंख, शिंपले आणि प्रवाळाच्या फांद्यांनी काठोकाठ भरलाय, आणि सकाळचे फक्त सात वाजलेत.